मधल्या दिवसांत ताप कुठे जातो

मेलेलं जनावर पुरण्याआधी ते उघडून बघायचं, ही आर्डिस ट्वेटची लग्नाच्याही आधीपासूनची सवय. मॅडिसनच्या खोऱ्यात तिला ओळखणाऱ्या कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. वासरू दगावलं की बाकीचे हळहळायचे. आर्डिसही हळहळायची, आणि मग बाह्या वर करून सुरी घेऊन बसायची. एका धडधाकट गाईनं अचानक मान टाकली, तेव्हा तिच्या जाळीदार पोटात आर्डिसला कुंपणाच्या तारेचा तुकडा सापडला. चाऱ्याबरोबर गिळलेला, आणि टोक पार काळजात घुसलेलं. तो तुकडा धुऊन-पुसून तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता, आणि कॉफीला आलेल्या प्रत्येकाला तो बघावाच लागे.

"मरायला मी भीत नाही," तिचा नवरा लायल म्हणायचा, "मेल्यावर ही मला उघडून बघेल, त्याची धास्ती आहे."

"तुझ्यात बघण्यासारखं आहे काय?" आर्डिस म्हणायची. "नुसती कॉफी निघेल."

साठी ओलांडलेली, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. मुलगी लग्न होऊन सिएटलला गेलेली. गुरांचं सगळं काम ती आणि लायल दोघंच बघत.

त्या वर्षी कालवडींना लस टोचायचा दिवस नेमका वाईट निघाला. डोंगरमाथे आधीच पांढरे झाले होते आणि उत्तरेकडून ढग चालून येत होते. ही लस आमच्या भागात चुकवून चालत नाही. हिवाळ्यात एल्क हरणांचे कळप डोंगरावरून उतरतात, गवताच्या गंजीवर ताव मारतात, आणि त्यांच्यातल्या काहींच्या अंगात ब्रुसेला नावाचा जंतू असतो. तो गाईला लागला की गाय गाभडते, आणि एका गाईपायी सगळ्या कळपावर बंदी येते. म्हणून दर शरदात गुरांचे डॉक्टर हॉलिस प्रॅदर यायचे, एकेक कालवड मान अडकवणाऱ्या लोखंडी खोड्यात घ्यायची, मानेला लस टोचायची, कानात शाईचा शिक्का गोंदायचा आणि सोडून द्यायची. लायल मागच्या फाटकावर, आर्डिस खोड्याच्या तोंडाशी.

हॉलिस कानात वाकून गोंदत होते. भरलेली सिरिंज त्यांनी क्षणभर आर्डिसच्या हातात दिली होती. कालवडीनं मान अशी झटकली की लोखंडी दांडा आर्डिसच्या मनगटावर आदळला, आणि सुई हातमोजा फोडून तिच्याच अंगठ्याखालच्या मांसात गेली. तिनं ती उपसून काढली. मोज्यावर लाल ठिपका उमटला, तो तिनं पँटला पुसला. हॉलिसनी मान वर केली तेव्हा ती नवी सुई लावत होती.

तेव्हा सांगायला हवं होतं. पण निम्म्याच्या वर कालवडी बाकी होत्या आणि बर्फ डोक्यावर होता. हॉलिसना कळलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे काम थांबवून तिला गाडीत कोंबलं असतं. शिवाय तिच्या मनात आलं, लसच तर आहे, विष थोडंच आहे! संध्याकाळी बर्फ सुरू झालं, कालवडी आत गेल्या, आणि सुईची गोष्ट ती साफ विसरली.

ताप आला तो गाई विण्याच्या दिवसांत. दुपार कलली की हुडहुडी भरायची, हाडं दुखायची, आणि सकाळी उठावं तर अंगाखालची चादर पिळून घ्यावी इतकी ओली. सगळ्यांसारखा तिनंही तो फ्लू मानला. आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप ओसरला. ती खडखडीत बरी झाली, तीन अडलेल्या गाई तिनं स्वतः सोडवल्या. आणि मग एका दुपारी कॉफीचा कप हातातच थरथरायला लागला.

"आला परत," ती म्हणाली, पाहुणा आल्यासारखं.

असं होतच राहिलं. यायचा, राहायचा, जायचा. एकदा लायलनं सकाळी चादर काढताना नाक वाकडं केलं. "तुझ्या घामाला ओल्या गवतासारखा वास येतोय. गंजीत पाणी शिरल्यावर येतो ना, तसा."

"हे तू आत्ता सांगतोस?"

"बायकोला कुणी असं सांगतं का?"

गावच्या दवाखान्यातल्या नर्स जोलीनबाईंनी रक्त घेतलं. दर वर्षी एल्क मारून स्वतः साफ करणारी बाई म्हटल्यावर त्यांनी आपणहून ते ब्रुसेलाच्या तपासणीसाठी पाठवलं. काही निघालं नाही. सगळ्यांनी हुश्श केलं. जोलीनबाई म्हणाल्या, "वय झालं की शरीर कधीकधी असा चावटपणा करतं, आर्डिस. विश्रांती घे."

ताप पुन्हा गेला तेव्हा लायल खूश झाला. "गेला ना? मग आता सोड तो विषय."

"गेला म्हणजे कुठे गेला?"

"कुठे म्हणजे? गेला! नदीचं पाणी वाहून गेलं तर ते कुठे गेलं म्हणून विचारत बसतेस का?"

"विचारायचं काय त्यात? ते मिसुरीला जाऊन मिळतं." आर्डिस बटाटे सोलायची थांबली. "पाणी पुढे गेलं की तेच पाणी मागं फिरून येत नाही, लायल. हा मात्र परत येतो. म्हणजे तो जात नाहीये. इथेच कुठेतरी बसतोय."

लायलनं टोपी उचलली आणि तो गोठ्याकडे निघून गेला. पण ती बरोबर बोलत होती, आणि ते त्यालाही कळत होतं.

गवत कापायच्या दिवसांत दुखणं पाठीत उतरलं. कमरेच्या वर, एकाच जागी, कुणी पहार रुतवून ठेवल्यासारखं. एका सकाळी ट्रॅक्टरच्या पायरीवर तिनं पाय ठेवला, आणि तो पाय तिला वर उचलता येईना, की खाली घेता येईना. लायलनं तिला अलगद उतरवलं, पिकअपमध्ये बसवलं आणि गवत तसंच टाकून गाडी बोझमनच्या इस्पितळाकडे काढली. गवत तसंच टाकून लायल कुठे गेलाय, असं खोऱ्यात कुणी याआधी पाहिलं नव्हतं.

तिथले डॉक्टर मुलुगेता मूळचे इथिओपियाचे. मृदू बोलणारे, पण प्रश्नांवर प्रश्न विचारणारे. पाठीच्या आतला फोटो निघाला, एका मणक्याला सूज होती. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"घरी गुरं?"

"गुरांशिवाय दुसरं काही नाहीच."

"कच्चं दूध पिता?"

"दूध दुकानातलं. आमची गुरं मांसाची."

"एल्क साफ करता तेव्हा मोजे घालता?"

"दर वेळी. आणि गावात तपासणी झालीय, डॉक्टर. काही निघालं नाही."

"माझ्या आजोळी गुरं पाळणारी माणसं आहेत," मुलुगेता म्हणाले. "असा येऊन-जाऊन असणारा ताप मी लहानपणापासून बघतोय. म्हणून विचारतो, राग मानू नका. गुरांना टोचताना कधी तुम्हाला सुई लागली?"

आर्डिसनं उजव्या हातानं डाव्या अंगठ्याखालची जागा दाबून पाहिली. तिथे आता काहीच नव्हतं.

"कधी?" लायलनं विचारलं.

"गेल्या शरदात."

"मी तिथेच होतो!"

"तू फाटकाशी होतास."

"आणि हॉलिस?"

"ते कानात वाकले होते."

लायल खिडकीजवळ जाऊन उभा राहिला.

मुलुगेतांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, गावात झालेल्या तपासणीत रानातला ब्रुसेला दिसतो, लशीत दुबळा करून घातलेला दिसत नाही. दुसरी, रानातल्या जंतूवर चालणारं एक नेहमीचं औषध लशीतल्या जंतूवर चालतच नाही. म्हणजे कुणी नुसत्या अंदाजानं उपचार केले असते, तरी अर्धे वाया गेले असते. त्यांनी पुन्हा रक्त घेतलं. प्रयोगशाळेला आधी फोन करून बजावलं, जपून हाताळा, हा तुम्हालाही लागू शकतो. आणि त्या रक्तातून जंतू वाढतो का, याची वाट बघायचं ठरलं. तो सावकाश वाढतो, पण वाढला.

ही बातमी हॉलिसना लायलनं सांगितली. ते त्याच दिवशी अंगणात येऊन उभे राहिले. आत यायला तयार होईनात.

"मी इतकी वर्षं या अंगणात येतोय," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच आर्डिसला जास्त लागलं. "तुझ्या हातचं किती जेवलो त्याला हिशोब नाही. आणि माझ्या सुईनं तुला टोचलं, ते तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही काम थांबवलं असतं."

"थांबवलंच असतं! त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या असत्या, तर हे झालंच नसतं. जिवंत लस असते ती, आर्डिस. जिवंत!"

"ते मला आता कळलं."

"आता कळून काय उपयोग," हॉलिस म्हणाले, आणि टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. मग म्हणाले, "पाठ फार दुखते का?"

तेव्हा कुठे ती रडली. आणि मग हॉलिस आत आले.

औषधं लांबली. दोन प्रकारच्या गोळ्या, सुरुवातीला रोज इंजेक्शनही. एक गोळी दुधाबरोबर चालायची नाही आणि दुसरं म्हणजे ती घेऊन उन्हात गेलं की कातडी भाजून निघायची. ऐन उन्हाळ्यात आर्डिस लांब बाह्या, हातमोजे आणि गळ्याभोवती रुमाल गुंडाळून अंगणात हिंडायची. "बँक लुटायला निघालीस का?" शेजारचा वेड केसिंगर कुंपणापलीकडून ओरडायचा. पण या सगळ्यात तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी तिनं मुलुगेतांना विचारलं होतं, मधल्या दिवसांत ताप कुठे जायचा? आणि ते म्हणाले होते, "कुठेच नाही. जंतू तुमच्या पांढऱ्या पेशींच्या आत बसलेले असतात."

"जंतूंना मारतात, त्या पेशींच्या?"

"त्याच."

घरी येताना सबंध रस्ताभर ती अंगठ्याखालची जागा दाबून बघत होती. लायलला वाटलं, हिचं आता काही खरं नाही.

हॉलिसची मुलगी डॅनिका बोझमनच्या विद्यापीठात असल्याच जंतूंवर काम करत होती. लहानपणी वडिलांबरोबर ती आर्डिसकडे यायची, आणि हॉलिस गाई बघत असत तोवर आर्डिस तिला मेंढीचं काळीज चिरून त्यातल्या झडपा दाखवायची. तिनंच फोन केला. "आर्डिसमावशी, बाबा म्हणतात तू सगळ्यांना प्रश्न विचारून हैराण केलंयस. इकडे ये. मला कर हैराण."

जिवंत जंतू असलेल्या खोलीत कुणालाच जाऊ देत नाहीत, तिथली माणसंसुद्धा अंतराळात निघाल्यासारखी कपडे चढवून आत शिरतात. पण डॅनिकाकडे सूक्ष्मदर्शकातून घेतलेली चित्रफीत होती. काळ्या पडद्यावर राखाडी रंगाचा एक गोळा पसरत, आक्रसत चालला होता. उंदराच्या अंगातली, जंतू गिळणारी पांढरी पेशी. तिच्याभोवती हिरवे ठिपके.

"हिरवे म्हणजे ब्रुसेला. आम्ही त्यांना रंग दिलाय. बघ आता."

पेशीनं अंगाचा एक पदर पुढे केला, ठिपक्यांभोवती गुंडाळला आणि ते आत ओढून घेतले.

"गिळलं," आर्डिस म्हणाली.

"गिळलं, आणि पिशवीत बंद केलं. आता त्या पिशवीत पेशी आम्ल सोडणार. आपल्या पोटासारखंच. बघ, एकेक विझायला लागला."

हिरवे ठिपके खरंच विझत होते. आर्डिस पुढे झुकली. बरेचसे गेले. मोजकेच उरले, आणि ते काही केल्या विझेनात. पेशीच्या कडेचे ते ठिपके हळूहळू आत, मधल्या भागाकडे सरकले. मग एकाचे दोन झाले.

"हे का नाही मेले?"

"आम्ल लागेपर्यंत ते काहीच करत नाहीत," डॅनिका म्हणाली. "आम्ल लागलं की त्यांना कळतं, आपण आत आलो. मग ते पिशवीच्या भिंतीतून बारीक नळी काढतात आणि तिच्यातून आपली प्रथिनं पेशीत सोडतात. त्यांच्यामुळे पेशीचा कारभारच बदलतो. पिशवी जिथे पचून जायची तिथे जातच नाही. पेशी जिथे स्वतःची प्रथिनं, चरबी बनवते ना, तिचं स्वयंपाकघर म्हण, तिकडे जाते. तिथलंच आवरण पांघरून हे बसतात. पेशीला वाटतं, घरचंच आहे."

"थांब. म्हणजे मारायला जे ओतलं, त्यानंच हे जागे होतात?"

"हो."

"लॉजपोल पाइनच्या झाडासारखं." आर्डिस पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "त्याची बोंडं वणव्याशिवाय उघडत नाहीत."

डॅनिका हसली. "हे मी वर्गात सांगेन."

चित्रफीत तिनं पुन्हा लावायला लावली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, "हातात टोचलं होतं. पाठीत कसे गेले?"

"या पेशी फिरत्या असतात, मावशी. जिथे जातील तिथे पोटातलं घेऊन जातात."

"म्हणजे माझ्याच राखणदारांनी पोचवलं."

"पोचवलं. आणि आत असेपर्यंत त्यांना हात लावणं अवघड. पेशी भरली की बाहेर पडायचे, रक्तात यायचे, तेव्हा तुला ताप. दुसऱ्या पेशीत शिरले की तू बरी. निदान आम्हाला तरी असं वाटतं. म्हणूनच औषध इतकं लांबवतात."

आर्डिसला स्वतःच्या त्या पेशींचा राग यायला हवा होता. पण आला नाही. बर्फात वासरू उचलून घरात आणावं आणि त्याच्याबरोबर गोचीडही घरात यावी, तसंच काहीसं झालं होतं. उचलणाऱ्याचा काय दोष!

"एक सांग, डॅनी. तपासणीत तो दिसला का नाही?"

"रानातल्या ब्रुसेलाच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं एक आवरण असतं, अंगरख्यासारखं. तपासणी त्या अंगरख्याची खूण शोधते. लशीतल्या जंतूचा अंगरखा मुद्दाम काढून टाकलाय, म्हणजे लस टोचलेली गाय आजारी समजून कुणी मारू नये."

"अंगरख्याविना हा पेशीत टिकतो?"

"सहसा नाही. बहुतेक सगळे पचून जातात. म्हणून तर त्याची लस झाली."

"मग माझ्यात कसे टिकले?"

डॅनिका खुर्चीत मागे रेलली. "माहीत नाही."

"तुला माहीत नाही, का कुणालाच माहीत नाही?"

"कुणालाच, नीटसं. सुई खोल गेली म्हणून असेल, लस जास्त गेली म्हणून असेल, तुझ्या पेशींतच काही वेगळं असेल. खरंच माहीत नाही, मावशी."

आजाराला सुरुवात झाल्यापासून आर्डिसला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, असं लायल नंतर सगळ्यांना सांगायचा. विद्यापीठाच्या पायऱ्या उतरताना तिनं त्याचा हातसुद्धा धरला नाही. जायच्या आधी तिनं बाही वर केली होती. डॅनिकाच्या प्रमुख बाईंनी रीतसर परवानगी घेऊन तिचं रक्त ठेवून घेतलं. तिच्या पेशी वेगळ्या आहेत का, हे त्यांना बघायचं होतं.

पाठ पुरती सुधारायला पुढचा वसंत उजाडला. ट्रॅक्टरवर ती चढली, पण पूर्वीच्या झपाट्यानं नाही, आणि पुढेही कधी तशी चढली नाही. त्या उन्हाळ्यात हॉलिसनी तिला गळ घातली, की गावच्या सभागृहात गुरंवाल्यांपुढे दोन शब्द बोल. ती म्हणाली, मी काय बोलणार? हॉलिस म्हणाले, मी वीस वेळा सांगितलं तरी हे मोजे घालत नाहीत, सुई लागली तर सांगत नाहीत, तू सांग.

सभागृहात नेहमीप्रमाणे चेरीची गोड पेस्ट्री आणि पातळ कॉफी होती. आर्डिसनं सगळं सांगितलं. सुई, ओल्या गवताचा वास, ट्रॅक्टरची पायरी. मग पिशवी आणि आम्ल सांगायला लागली तेव्हा तिला भानच राहिलं नाही. हातवारे करून, टेबलावरचा रुमाल बिस्किटाभोवती गुंडाळून ती दाखवत होती. माणसं खाणं विसरून बघत होती.

"मग आता तुझ्या आत एकही उरला नाही?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते कुणी सांगू शकत नाही," आर्डिस म्हणाली. "तपासणीत दिसत नाही. पण तपासणीत तो आधीही दिसला नव्हता."



दुसऱ्या दिवशी सकाळी वेड केसिंगर टोपी हातात घेऊन दारात उभा. हा माणूस टोपी फक्त चर्चमध्ये काढतो.

"मलाही टोचलं होतं," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. कुणाला बोललो नाही. गुडघे दुखतात, आर्डिस. आणि घामही येतो."

"वास येतो का?"

"आता तो काय मी हुंगत बसू?"

"बस गाडीत," आर्डिस म्हणाली. स्वयंपाकाचा एप्रन अंगावर तसाच ठेवून तिनं त्याला बोझमनला नेलं. मुलुगेतांना फोन तिनंच केला, प्रयोगशाळेला जपून हाताळायला सांगा, हेही तिनंच बजावलं. वाट बघायच्या दिवसांत ती रोज त्याच्याकडे सूप घेऊन जायची, आणि जाता जाता त्याची सुकत घातलेली चादर हुंगून यायची. वेडच्या बायकोनं हे खोऱ्यात सगळीकडे सांगितलं.

निघालं काय? साधा संधिवात. जंतूचा मागमूसही नाही.

"इतक्या लांब नेलंस, दोन शिशा रक्त काढवलंस, आणि संधिवात!" वेड अजून सुनावतो. "तो माझा मी इथेच ओळखला असता."

"मग ओळखला का नाहीस?" आर्डिस विचारते.

आर्डिसला ताप परत आलेला नाही. पेशींचं काय निघालं, म्हणून ती डॅनिकाला अधूनमधून फोन करते. डॅनिका म्हणते, काम चालू आहे, अजून काही हाती लागलेलं नाही. कधी दमून आल्यावर अंगावर शहारा येतो, तेव्हा आर्डिस हातातलं काम ठेवते आणि स्वस्थ बसून राहते. भिऊन नाही. थंडी आहे की दुसरं काही, ते तिला बघायचं असतं. बहुतेक वेळा लायलनं दार उघडं टाकलेलं असतं.